पुण्याच्या नोंदींतील थंडावा आणि केडगावचा कालवा

पुणे शहराच्या तापमानाच्या १९०१ ते २००० या शंभर वर्षांच्या नोंदी अलका गाडगीळ आणि अमित धोर्डे या अभ्यासकांनी तपासल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात असा निष्कर्ष मांडला, की या काळात शहराचे वार्षिक सरासरी तापमान आणि त्याहीपेक्षा दिवसाचे कमाल तापमान लक्षणीय प्रमाणात उतरत गेले आहे, ही घट हिवाळ्यात सर्वांत ठळक आहे, आणि पावसाळ्याचे महिने मात्र याच्या उलट तापत गेले आहेत. ज्या शतकात पृथ्वीचे आणि भारताचेही सरासरी तापमान वाढले, त्याच शतकात देशाच्या हवामानशास्त्राचे केंद्र असलेल्या शहराची नोंद खाली झुकावी, ही गोष्ट पहिल्या वाचनात विसंगत वाटते. अशा आकड्यांचा आधार घेऊन तापमानवाढच नाकारण्याचा मोह काहींना होतो, तर काहींना हे आकडे अडचणीचे म्हणून बाजूला सारावेसे वाटतात. या दोन्ही वाटा इतिहासाच्या दृष्टीने चुकीच्या आहेत, कारण तापमानाची नोंद हे एखाद्या दप्तरातील कागदासारखेच ऐतिहासिक साधन आहे आणि ते कोणी, कोठे, कशाच्या साहाय्याने आणि आजूबाजूला काय चालले असताना लिहिले, हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

पुण्यापासून लोहमार्गाने पूर्वेला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, दौंड तालुक्यात वसलेले केडगाव हे असे प्रश्न विचारण्यासाठी विशेष उपयुक्त ठिकाण आहे. मुळा-मुठा आणि भीमा यांच्या दक्षिणेकडचा हा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांतील बहुतेक पाणी घाटमाथ्यावर उतरून गेल्यावर उरलेली कोरडी हवा येथे पोहोचते, आणि वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, अनेकदा त्याहूनही कमी राहतो. भीमेपलीकडचा शिरूर तालुकाही याच जातीचा. अशा प्रदेशात मागच्या दीडशे वर्षांत माणसाने जमिनीवर जेवढे पाणी आणले आणि हवेत जेवढा धूर सोडला, त्याचा परिणाम तापमापकावर होणे अटळ होते. पुण्याच्या नोंदीतील उतार आणि केडगावच्या शिवारातील बदल एकत्र वाचले, तर थंडावण्याचा कल म्हणजे काय, याचा बराच उलगडा होतो.

प्रथम ‘कल’ हा शब्द. दर वर्षीच्या सरासरी तापमानाचे बिंदू आलेखावर मांडले, की ते वरखाली विखुरलेले दिसतात, कारण एखादे वर्ष अवर्षणाचे असते, तर एखाद्या वर्षी ढग फार काळ टिकतात. या विखुरलेल्या बिंदूंमधून, त्यांच्यापासून एकूण अंतर कमीत कमी राहील अशी एक सरळ रेषा काढली, तर तिचा चढ किंवा उतार म्हणजे तापमानाचा कल होय, आणि हा उतार निव्वळ योगायोगाने आलेला नसावा अशी संख्याशास्त्रीय खात्री पटली, की त्याला ‘लक्षणीय’ म्हणतात. एखाद्या हिवाळ्यातील थंडीची लाट हा कल नव्हे. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंश सेल्सिअस इतके किमान तापमान नोंदले गेले, आणि ३० एप्रिल १८९७ रोजी, म्हणजे दुष्काळ आणि प्लेग यांनी शहर हैराण झालेले असताना, पारा ४३.३ अंशांपर्यंत चढला होता. हे दोन्ही टोकाचे आकडे स्मरणात राहतात, परंतु त्यांतील एकही आकडा एकट्याने दिशा सांगत नाही. त्याहून अधिक लक्ष देण्याजोगी बाब अशी, की रेषेचा उतार ती कोठून सुरू होते यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. विसावे शतक उजाडले तेव्हा दख्खन १८९६–९७ आणि १८९९–१९०० अशा दोन भीषण दुष्काळांतून नुकतेच बाहेर पडत होते, आणि पुढच्या वीस वर्षांतही १९०५, १९११, १९१८ व १९२० ही देशभर मोसमी पावसाने दगा दिलेली वर्षे येऊन गेली, तर साधारण १९३० नंतरची तीन दशके पावसाच्या बाबतीत बरीच उदार होती. कोरड्या वर्षी आभाळ निरभ्र असते, जमिनीत ओल नसते आणि दिवस अधिक तापतात, म्हणून कोरड्या दशकांपासून सुरू होणाऱ्या नोंदीचा आरंभच उंचावर होतो आणि नंतरची रेषा काही अंशी आपोआप उतरती भासते.

दुसरा प्रश्न साधनाचा. दख्खनच्या हवेचे पद्धतशीर मोजमाप सुरू झाले ते पेशवाईच्या अस्तानंतर काही वर्षांतच. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना १८२४ मध्ये विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची सांख्यिकी निवेदक म्हणून नेमणूक झाली. त्याने गावोगाव फिरून पिके, पशुपक्षी, जमीनधारा आणि लोकसंख्या यांच्याबरोबर हवेचा दाब, तापमान आणि आर्द्रता यांच्याही नोंदी केल्या, आणि दख्खनच्या हवामानावरचा त्याचा प्रबंध १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. दिवसाच्या ठराविक वेळांना हवेचा दाब नियमितपणे वाढतो आणि घटतो, हे त्याने दाखवले, आणि या पठारावर हवा किती कोरडी असते व दिवस-रात्रीच्या तापमानात किती मोठी तफावत पडते याची आकड्यांनिशी मांडणी केली. एका माणसाने काही वर्षे घेतलेल्या अशा नोंदींतून कल काढता येत नाही, तरीही कालव्याआधीच्या कोरड्या दख्खनचे ते मोलाचे चित्र आहे, आणि आज ते जेवढे वाचले जाते त्याहून कितीतरी अधिक वाचले जायला हवे.

सलग नोंदींसाठी कायम संस्था लागते. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ मध्ये उभी राहिली, भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ मध्ये हेन्री ब्लॅनफर्ड याच्या नेतृत्वाखाली झाली, आणि १९२८ मध्ये या विभागाचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी मनोऱ्याच्या इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. मात्र संस्था टिकली तरी यंत्रे व त्यांची मांडणी टिकतेच असे नाही. हवेचे तापमान मोजायचे तर तापमापकावर थेट ऊन पडता कामा नये आणि तरीही त्याच्याभोवती वारा खेळता राहिला पाहिजे. या दोन अटी पाळण्यासाठी भारतात सुरुवातीला गवताने शाकारलेल्या, बाजूंनी उघड्या छपराखाली तापमापक टांगत. दीपगृहे बांधणारा स्कॉटिश अभियंता थॉमस स्टीव्हन्सन याने १८६० च्या दशकात झिलमिलीच्या भिंतींची, पांढऱ्या रंगाची लाकडी पेटी सुचवली होती, तिचा वापर भारतात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सार्वत्रिक झाला. उघड्या छपराखाली तापलेल्या जमिनीवरून परावर्तित होणारी आणि प्रारणाच्या रूपाने येणारी उष्णता तापमापकापर्यंत बाजूने पोहोचत असे, पेटीच्या भिंती ती अडवतात. साहजिकच छपराखालून पेटीत गेल्यावर त्याच हवेचे दिवसाचे तापमान अंशाच्या काही दशांशांनी कमी भरू शकते. शतकभराच्या कलाचा एकूण आकडाच मुळात अंशाच्या काही दशांशांचा असल्यामुळे ही तफावत क्षुल्लक मानता येत नाही, आणि खरी हवा न थंडावता नोंद थंडावल्याचे उदाहरण म्हणून ती नेहमी ध्यानात ठेवावी लागते.

वाचनाची वेळ बदलली तरीही असेच होते. कमाल तापमापकात पारा चढल्यानंतर नळीतील अरुंद गळ्यामुळे तो आपोआप खाली येत नाही आणि झटकेपर्यंत दिवसाचा सर्वोच्च आकडा तसाच दाखवत राहतो. तो दुपारी उशिरा वाचून झटकला, तर त्या क्षणीच्या तापलेल्या हवेमुळे तो पुन्हा चढतो आणि दुसरा दिवस गार असला तरी आदल्या दुपारची उष्णता त्याच्या खाती जमा होते. हेच वाचन सकाळी नेले, तर ही दुहेरी मोजणी टळते आणि सरासरी काहीशी उतरते. अमेरिकेत हजारो ठिकाणच्या स्वयंसेवक निरीक्षकांनी विसाव्या शतकात दुपारऐवजी सकाळी वाचन घेण्यास सुरुवात केल्यामुळे तेथील कच्च्या नोंदींत असा कृत्रिम थंडावा शिरला होता आणि तो नंतर हिशेबाने दुरुस्त करावा लागला.

साधनांच्या आणि वाचनवेळेच्या अशा दुरुस्त्या केल्यानंतरही जो थंडावा उरतो, त्याची कारणे आकाशात आणि जमिनीवर शोधावी लागतात. त्यांतील सर्वांत नाट्यमय कारण ज्वालामुखीचे. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा, २७ ऑगस्ट १८८३ रोजी क्राकाटोआ आणि जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबो यांच्या उद्रेकांनी गंधकाची संयुगे वातावरणाच्या वरच्या थरात, स्थितांबरात, फेकली, तेथे त्यांचे सूक्ष्म थेंब बनले आणि सूर्यप्रकाशाचा काही भाग त्यांनी अवकाशात परतवला. क्राकाटोआनंतर काही दिवसांतच दक्षिण भारतात हिरवट सूर्य दिसल्याच्या नोंदी झाल्या, आणि पिनाटुबोनंतर जगाचे सरासरी तापमान तात्पुरते सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. पण स्थितांबरातील हे थेंब दोन-तीन वर्षांत खाली येतात, आणि म्हणून ज्वालामुखी आलेखात खड्डा पाडतो, शतकभराचा उतार तयार करू शकत नाही. शतकाच्या मध्याला, १९४० च्या दशकापासून १९७० च्या दशकापर्यंत, जागतिक तापमानाची वाढ थबकली आणि उत्तर गोलार्ध किंचित थंडावला, त्याचे बरेचसे श्रेय युरोप-अमेरिकेतील कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांच्या गंधकयुक्त धुराला दिले जाते. तेव्हा हिमयुगाच्या पुनरागमनाची चर्चाही काही काळ झाली. पुढे तेथे धुरावर निर्बंध आले, हवा स्वच्छ झाली आणि थबकलेली वाढ पुन्हा वेगाने सुरू झाली.

केडगावच्या पट्ट्याचा स्वतःचा इतिहास याहून जवळचा आहे आणि तो पाण्यापासून सुरू होतो. पुणे ते दिक्साळ हा लोहमार्ग डिसेंबर १८५८ मध्ये खुला झाला आणि यवत, खुटबाव, केडगाव, कडेठाण, पाटस ही गावे आगगाडीच्या वाटेवर आली, परंतु शेती मात्र पूर्वीप्रमाणेच पावसावर आणि विहिरींवर अवलंबून राहिली. भीमेच्या काठावरचा हा मुलूख तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडत असे, आणि कोरड्या हवेतील चराईवर वाढलेल्या काटक भीमथडी तट्टांसाठी मराठेशाहीत तो नावाजलेला होता. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि हिवाळ्याच्या दवावर शाळू पिकवणे ही येथली जुनी रीत. हरभरा, गहू आणि शाळू या रब्बी पिकांना गारठा हवा असतो, थंडी वेळेवर पडली तर दाणा भरतो आणि अवेळी आभाळ आले तर कीड पडते, म्हणून हिवाळ्याच्या तापमानाकडे येथील शेतकऱ्याचे लक्ष वेधशाळा येण्याच्या कितीतरी आधीपासून होते.

कर्नल फाइफ याच्या योजनेनुसार मुठा नदीवरील खडकवासल्याच्या धरणाचे काम १८६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू होऊन १८८० च्या सुमारास पूर्णत्वास गेले. १८७६–७८ च्या महादुष्काळात हजारो माणसांना या पट्ट्यातील तलाव आणि कालव्यांच्या मातीकामावर लावण्यात आले. मुठेचा उजवा कालवा हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी ओलांडून भीमथडीत पाटसच्या बाजूला नेला गेला, आणि त्याच्या पाण्याने भरणारा मातोबा तलाव आजही दौंड तालुक्यात उभा आहे. दुष्काळापासून संरक्षण हा या कालव्याचा मूळ हेतू होता. शेतकऱ्यांनी मात्र सुरुवातीची अनेक वर्षे पाऊस बरा झाला तर पाणी घेतले नाही, कारण ज्वारी-बाजरीला पाटाचे पाणी देऊन मिळणारे जादा उत्पन्न पाणीपट्टीला पुरत नसे आणि काळी जमीन जास्त ओल सोसत नसे. पाणीपट्टी नियमित भरण्याची ऐपत उसातच होती. बाराही महिने पाणी मागणारे आणि रोख पैसा देणारे हे पीक हळूहळू कालव्याचे खरे धनी झाले, आणि दुष्काळी मुलखाच्या रक्षणासाठी काढलेले पाणी काही थोड्या शेतांत साचू लागले. अर्थशास्त्राच्या अंगाने या विपरीत घडामोडीची चर्चा पुष्कळ झाली आहे, तिच्या हवामानाच्या अंगाकडे मात्र फारसे कोणी पाहिलेले नाही.

याच काळात पंडिता रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर माळरान विकत घेतले. विधवांसाठी चालवलेल्या आपल्या शारदा सदन या संस्थेला फळबागेच्या उत्पन्नाचा आधार मिळावा असा त्यांचा मूळ विचार होता. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुली आणि त्याच वर्षी पुण्यात पसरलेला प्लेग यांमुळे त्या जागेवर मुक्ती सदन उभे राहिले. उजाड जमिनीत विहिरी खोदून, झाडे लावून, शेती करून शेकडो, पुढे हजारांच्या घरातील मुलींचे आणि स्त्रियांचे पोट भरणे हे ज्या काळात घडले, तो पुण्याच्या पाऱ्याने उच्चांक गाठला तोच काळ होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कामाचे मोल अधिक जाणवते. रमाबाईंचे निधन १९२२ मध्ये केडगावलाच झाले.

कालव्याचा विस्तार पुढेही चालू राहिला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी रचलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये खडकवासल्याला बसवले गेले आणि धरणाची साठवण वाढली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही खचले, आणि पुनर्बांधणीनंतर जो नवा मुठा उजवा कालवा आखला गेला तो हवेली, दौंड आणि इंदापूर या तालुक्यांतून सुमारे २०२ किलोमीटर जातो व त्याचे लाभक्षेत्र साठ हजार हेक्टरांहून अधिक आहे. भीमेपलीकडे शिरूर तालुक्यात घोड आणि चासकमान धरणांच्या कालव्यांनी असाच पालट घडवला. पाटसचा भीमा सहकारी साखर कारखाना, न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना आणि केडगाव-चौफुल्याच्या परिसरात जागोजागी दिसणारी गुऱ्हाळे ही या पाण्याचीच फलिते आहेत. उन्हाळी कांदा हे दुसरे बागायती पीकही इतके वाढले, की राज्याच्या कांद्याच्या बाजारभावांच्या तक्त्यात ‘दौंड-केडगाव’ हे नाव कायमचे आले.

पाण्याने हवा का थंडावते, हे अप्रकट उष्म्याच्या कल्पनेने समजते. द्रवरूप पाण्याची वाफ होताना त्याचे तापमान न वाढवता जी उष्णता खर्च होते तिला अप्रकट उष्मा म्हणतात, आणि मातीच्या माठातील पाणी ज्यामुळे गार राहते तीच ही क्रिया. एक लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे साडेचोवीस लाख ज्यूल इतकी ऊर्जा लागते. भरात असलेला ऊस उन्हाळ्यात पानांवाटे आणि जमिनीतून मिळून दर चौरस मीटरमागे दिवसाला पाच लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो, म्हणजे एका एकरातून सुमारे वीस हजार लिटर. एप्रिलमध्ये पुण्याच्या अक्षांशावर दर चौरस मीटरला दिवसभरात सुमारे अडीच कोटी ज्यूल सौर ऊर्जा पोहोचते आणि वरच्या हिशेबाने त्यातील जवळजवळ अर्धी ऊर्जा उसाच्या शेतात केवळ वाफ करण्यात संपते. शेजारच्या नांगरून टाकलेल्या कोरड्या रानात हीच ऊर्जा माती तापवते आणि माती हवेला तापवते. वर्षभरात उसाला लागणारे पाणी दीड ते अडीच हजार मिलिमीटर भरते, म्हणजे या पट्ट्यावर आभाळातून जेवढे पाणी पडते त्याच्या तीन ते पाचपट पाणी माणूस कालव्याने आणि पंपाने आणून हवेत उडवतो. एवढ्या हस्तक्षेपानंतर दिवसाचे कमाल तापमान पूर्वीच्याच पातळीवर राहिले असते तरच आश्चर्य वाटले असते. पंजाब, हरियाणा आणि गंगेच्या मैदानात हरितक्रांतीनंतर सिंचनाखालील भागांत पिकांच्या हंगामात असा थंडावा नोंदींत दिसून आला आहे. पुण्याच्या शहरी नोंदीत या सिंचनाचा वाटा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे, पण केडगावच्या शिवारात त्याची दिशा कोणती असणार याबद्दल भौतिकशास्त्र निःसंदिग्ध आहे.

जमिनीलगतच्या हवेचे हे शास्त्र घडवण्यात पुण्याचा वाटा फार मोठा आहे आणि त्याची आठवण पुरेशी ठेवली जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांचे विद्यार्थी एल. ए. रामदास यांनी १९३२ पासून पुण्यात कृषिहवामानशास्त्राची शाखा उभारली, म्हणजे पिकाच्या उंचीवर, पिकाच्या आत आणि जमिनीखाली तापमान व ओल कशी बदलते याचे मोजमाप सुरू केले. काळ्या जमिनीवर पांढऱ्या भुकटीचा अगदी पातळ थर पसरला, तरी ऊन परावर्तित होऊन जमीन वरूनच नव्हे, तर काही खोलीपर्यंत लक्षणीय गार राहते, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसले. त्याहून चकित करणारा शोध रात्रीच्या थंडीचा होता. निरभ्र आणि निवांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला टेकून असावी अशी समजूत होती, परंतु रामदासांना ती जमिनीपासून काही वीत वर आढळली. या घटनेला आज जगभर ‘रामदास थर’ म्हणतात. पेटीतील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर असतो, म्हणून वेधशाळेच्या किमान तापमानापेक्षा पिकाच्या शेंड्याला लागणारा गारठा अधिक असू शकतो, आणि नोंदीत शून्याच्या वर असलेल्या पाऱ्यातही शेतात दवबिंदू गोठलेले का सापडतात, हे यावरून कळते.

गाडगीळ आणि धोर्डे यांनी पुण्याच्या हिवाळी थंडाव्याचे कारण म्हणून मात्र हवेत तरंगणाऱ्या कणांच्या वाढत्या प्रमाणाकडे बोट दाखवले. धूर, धूळ, गंधकयुक्त क्षार आणि काजळी यांच्या अशा सूक्ष्म कणांना एरोसोल म्हणतात. त्यांतील काही कण ऊन परतवतात, काही ते स्वतः शोषून घेऊन वरची हवा तापवतात, पण दोन्ही प्रकारांत जमिनीपर्यंत पोहोचणारे ऊन कमी होते. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंडावते आणि तिच्यालगतची गार, जड हवा वरच्या उबदार हवेखाली अडकून पडते. टेकड्यांनी वेढलेल्या पुण्याच्या खोलगट भूमीत अशा वेळी धूर वर जाऊ शकत नाही आणि सकाळी उशिरापर्यंत शहरावर धूसर पडदा राहतो. पावसाळ्यात पाऊस हेच कण धुऊन काढतो, म्हणून त्या महिन्यांत थंडाव्याऐवजी वाढ दिसावी, हे या स्पष्टीकरणाशी जुळते. उसाचा गाळप हंगाम, गुऱ्हाळांच्या चुलाणांवर जळणारी चिपाडे आणि तोडणीनंतर पेटवले जाणारे पाचट हेही याच कोरड्या महिन्यांत येत असल्यामुळे धुराचा हा प्रश्न केवळ शहरापुरता नाही.

जमिनीवर पडणारे ऊन खरोखर कमी झाले का, हे तपासण्याची सोयही पुण्यातच झाली होती. अण्णा मणी १९४८ मध्ये पुण्याच्या उपकरण विभागात दाखल झाल्या आणि १९५७–५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने त्यांनी देशभर सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभे केले. आयात उपकरणांवर न विसंबता ती येथेच घडवण्याचा आणि त्यांचे मापन जागतिक मानकाशी ताडून पाहण्याचा त्यांचा आग्रह होता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील बी. पद्मा कुमारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये भारतातील बारा केंद्रांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा १९८१ ते २००४ या काळात जमिनीवर पोहोचणारे ऊन दर वर्षी चौरस मीटरमागे सरासरी ०.८६ वॅटने घटत गेल्याचे आढळले. या मंदावलेल्या उन्हाने तापमानवाढीचा काही भाग झाकून ठेवला, असा त्यांच्या निष्कर्षाचा आशय होता. पुण्याच्या नोंदीतील उताराचे स्पष्टीकरण पुण्यातच घडलेल्या उपकरणशास्त्राने दिले, ही या शहराच्या विज्ञानपरंपरेची मोठी मिळकत आहे.

म्हणून एका शहराचा थंडावा हा देशाच्या तापमानवाढीविरुद्धचा पुरावा ठरत नाही. याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील हिंगणे, रूपा कुमार आणि रमण मूर्ती यांनी १९८५ मध्ये अनेक केंद्रांच्या नोंदी एकत्र करून देशाच्या पातळीवर शतकाला सुमारे ०.४ अंशाची वाढ दाखवली होती. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढल्याचे २०२० च्या शासकीय अहवालात नमूद आहे, आणि २०२४ हे वर्ष १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत उष्ण ठरले. हरितगृह वायूंनी दिलेली ऊब सर्वत्र पसरते आणि शतकानुशतके टिकते. कालव्याचे पाणी आणि धुराचा पडदा यांचा परिणाम स्थानिक असतो आणि त्यांचा पुरवठा थांबला की तोही ओसरतो. धूर आरोग्यासाठी घातक असल्यामुळे तो कमी व्हायलाच हवा, आणि तो कमी झाला की त्याने झाकलेली ऊब उघडी पडणार, हे युरोपच्या अनुभवावरून स्पष्ट आहे. कालव्याच्या बाबतीत पुण्याची पिण्याच्या पाण्याची वाढती मागणी आणि दौंड-इंदापूरची आवर्तने यांतील ओढाताण दर उन्हाळ्यात तीव्र होते, त्यामुळे शिवारातील थंडावाही गृहीत धरता येत नाही.

सिंचनाच्या थंडाव्याला आणखी एक बाजू आहे आणि ती केवळ कोरडा तापमापक पाहून कळत नाही. स्टीव्हन्सनच्या पेटीत नेहमीच्या तापमापकाशेजारी दुसरा एक तापमापक असतो, त्याच्या फुग्याभोवती ओले मलमल गुंडाळलेले असते. बाष्पीभवनाने तो जेवढा खाली उतरू शकतो, त्या आकड्याला आर्द्र तापमान म्हणतात, आणि माणसाचे शरीर घामाने स्वतःला किती गार करू शकेल याची मर्यादा तोच आकडा सांगतो. विमल मिश्रा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की भारतातील सिंचनामुळे जमिनीचे आणि हवेचे तापमान उतरते, पण हवेत आलेल्या बाष्पामुळे दमट उष्णतेचा ताण वाढतो. उसाच्या उंच, दाट फडात वारा शिरत नाही, पानांतून सुटलेली वाफ तेथेच कोंडते, आणि हंगाम लांबून मार्च-एप्रिलपर्यंत गेला की बीड-अहिल्यानगरकडून आलेली ऊसतोड कुटुंबे या कोंडलेल्या हवेत दिवसभर राबतात. अलीकडे दौंड आणि शिरूर तालुक्यांत हवामान विभागाची स्वयंचलित केंद्रे बसली आहेत आणि तापमानाबरोबर आर्द्रताही ती मोजतात. त्या दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचल्या, तर कमाल तापमान ज्या दिवशी खाली उतरलेले दिसते, त्याच दिवशी फडातील मजुराच्या अंगावरचा ताण वाढलेला असू शकतो.